थेल्माच्या हातचा चहा

आमच्याकडे चार माणसं चहाला बसली की कुणीतरी विचारतंच, "आज आई कोण?" जो किटली उचलून सगळ्यांना चहा ओतेल, तो तेवढ्या वेळेपुरता आई. पुरुष असला तरी आईच. माझा मेहुणा स्टॅन्ली बस चालवायचा, दाराच्या चौकटीत वाकून शिरावं लागे एवढा उंच. तोही "सरका, आज मी आई" म्हणत किटलीला हात घालायचा आणि त्यात कुणाला हसण्यासारखं काही वाटायचं नाही.

माझ्या आणि थेल्माच्या चहाला मात्र हा प्रश्न कधी निघालाच नाही. ओतायची ती थेल्मानंच.

थेल्मा माझी सख्खी बहीण, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आम्ही कीथलीच्या. चढावरचं काळ्या पडलेल्या दगडांचं गाव, घराला घर लागून, आणि खाली लोकरीच्या गिरण्या. आई गिरणीत मागावर होती. तिनं आयुष्यात एकदाच चैन केली. तिच्या वाढदिवसाला आम्हा दोघींना घेऊन ती हॅरोगेटला गेली आणि ग्रेंजफील्ड हॉटेलात दुपारचा चहा घेतला. तेव्हा साखर, लोणी सगळं शिधापत्रिकेवर. स्कोनवर, म्हणजे मऊ गोडसर पावावर, साय नव्हतीच, मुरंब्याचं नुसतं बोट होतं. पण चांदीची किटली होती, पियानो वाजत होता, आणि आई खुर्चीत अशी ताठ बसली होती की जणू रोज तिथंच बसते. पुढच्या हिवाळ्यात ती न्यूमोनियानं गेली.

आईच्या वाढदिवसाचा मे महिना आला तशी थेल्मा मला म्हणाली, "नोरीन, केस नीट विंचर. हॅरोगेटला जायचंय." ती एकोणीस वर्षांची होती, मी दहा. मावशीकडून आणलेल्या कोटाच्या बाह्या माझ्या बोटांपर्यंत येत होत्या. ग्रेंजफील्डमधल्या वाढणाऱ्या बाईनं किटली आणून ठेवली आणि सवयीनं विचारलं, "मग, आई कोण?" त्या बिचारीला काय माहीत! मी मान खाली घालून बुटांकडे बघत राहिले. थेल्मानं हातमोजे काढले, घडी करून पर्समध्ये ठेवले आणि म्हणाली, "मी."

एवढंच म्हणाली. मग माझ्या कपात चहा ओतला, आईसारखाच, आधी थोडं दूध घालून. त्या दिवसापासून माझे मोजे, माझी शाळा, माझा खोकला, पुढे माझं लग्न, सगळं तिनं पाहिलं. स्वतः तिशी उलटल्यावर स्टॅन्लीशी लग्न केलं. आणि दरवर्षी आईच्या वाढदिवसाला, काही झालं तरी, आम्ही ग्रेंजफील्डला गेलो.

थेल्माचे हात बघण्यासारखे होते. ती गिरणीत रफूच्या खात्यात होती. मागावरून उतरलेलं सुटाचं कापड खिडकीखालच्या उतरत्या फळीवर पसरायचं, बोटांनी चाचपून तुटलेला धागा शोधायचा आणि सुईनं असा विणून टाकायचा की ज्यानं कापड विणलं त्यालाही जागा सापडू नये. रफूवाल्या बायका गिरणीत जरा शिष्ट समजल्या जायच्या. मागावरच्या बायका डोक्याला रुमाल बांधून यायच्या, या हॅट घालून. हाताला खरखर आली तर लोकरीचा धागा अडकतो, म्हणून थेल्मा रोज रात्री हाताला मलम चोळायची आणि भांडी घासायला मला लावायची.

"तुझ्या हातांना कोण विचारतंय?" असं वर ऐकवायची.

तेच हात पुढे थरथरायला लागले. कंपवात. आधी डाव्या हाताचा अंगठा, मग दोन्ही हात. स्टॅन्ली तोवर गेला होता. थेल्मा चढावरच्या त्या अरुंद घरात एकटी राहत होती. जिना शिडीसारखा उभा, न्हाणीघर वर, स्वयंपाकघर खाली. तिचा मुलगा एड्रियन दूर दक्षिणेला, रेडिंगला. मुलगा चांगला आहे, आईची काळजी करणारा. पण त्याची काळजी फोनवरून यायची आणि सोबत उपाय घेऊनच यायची.

त्या मे महिन्यात त्याचा मला फोन आला. "नोरीन मावशी, आमच्या घराजवळ एका वृद्धाश्रमात खोली मिळतेय. फार छान जागा आहे. बाग आहे, नर्स आहेत. सोमवारपर्यंत हो किंवा नाही सांगायचंय. मी बोललो की आई फोन ठेवून देते. तुझं ती ऐकेल."

"माझं? माझं तिनं कधी ऐकलंय?"

"तुम्ही दोघी शनिवारी चहाला जाताय ना? तेव्हा बोल. ती कधीतरी जिन्यावरून पडेल, मावशी. मला रात्री झोप लागत नाही."

त्याचं चुकत नव्हतं. हिवाळ्यात ती एकदा दोन पायऱ्या घसरली होती, कोपर काळंनिळं झालं होतं. डॉक्टरांनी गळ्यात घालायचं एक बटण दिलं होतं, पडलं तर दाबायचं, की मदत येते. थेल्मानं ते खुंटीला टांगून ठेवलं होतं. "मी काय गाय आहे, गळ्यात घंटा बांधायला?" मी एड्रियनला म्हटलं, बोलेन.

शनिवारी लीड्सला गाडी बदलून आम्ही हॅरोगेटला पोचलो. थेल्मानं निळा कोट आणि निळी हॅट घातली होती. ओठांना लाली लावली होती, एका बाजूला जरा बाहेर गेलेली. ग्रेंजफील्डच्या पायऱ्या ती माझा हात न धरता चढली, सावकाश, एकेक पायरी मोजून घेतल्यासारखी. दरवानानं दार उघडलं तेव्हा तिनं त्याला असा "नमस्कार" घातला की हॉटेल तिच्या मालकीचं असावं.

आमचं टेबल खिडकीजवळचं. तिथल्या मुख्य वाढणाऱ्या मिसेस डिन्सडेल आम्हाला कितीतरी वर्षं ओळखत होत्या.

"या, या! म्हटलं अजून कशा आल्या नाहीत."

"आम्ही वेळेवर आलोय," थेल्मा म्हणाली. "तुमचं घड्याळ पुढे आहे."

तीन मजली तबक आलं. खाली कडा कापलेले सँडविच, काकडीचे आणि अंड्याचे. मधे गरम स्कोन, साय, स्ट्रॉबेरीचा मुरंबा. वर केक आणि छोटे छोटे गोड पनीर भरलेले टार्ट. खालून वर खात जायचं. मी आधी वरच्या मजल्याला हात घातला तेव्हा आईनं टेबलाखालून लाथ मारली होती, हे मला अजून आठवतं.

मग किटली आली. आमच्या त्या भागात किटली कशी ठेवतात यालाही अर्थ असतो. मूठ ज्याच्याकडे, ओतायचं त्यानं. मिसेस डिन्सडेलनी थेल्माच्या मांडीवरच्या हातांकडे एक नजर टाकली. हात थरथरत होते. मग त्यांनी अगदी सहज, न बोलता, किटली अशी ठेवली की मूठ माझ्याकडे आली.

त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण थेल्माचा चेहरा बदलला. त्या गेल्यावर तिनं एका बोटानं किटली हळूहळू फिरवली आणि मूठ स्वतःकडे घेतली.

"जरा मुरू दे," ती म्हणाली. "तोवर तू बोलून घे."

"काय बोलून घे?"

"जे बोलायला एड्रियननं तुला सांगितलंय ते. गाडीत बसल्यापासून तुझं तोंड औषध प्यायल्यासारखं झालंय."

मग काय करणार? मी सगळं सांगितलं. खोली, बाग, नर्स, सोमवार. तिनं मधे एकदाही तोडलं नाही. काकडीचं सँडविच दोन्ही हातांनी धरून खाल्लं, तोंड पुसलं.

"बाग म्हणजे काय, गुलाब?"

"मी विचारलं नाही."

"गुलाबच असणार. असल्या ठिकाणी गुलाबच लावतात." ती खिडकीबाहेर बघत राहिली. "आणि तुला काय वाटतं?"

"मला भीती वाटते, थेल्मा. तू पडशील. आणि कुणाला कळणारसुद्धा नाही."

"हं."

तिनं दोन्ही हात टेबलावर ठेवले. पांढऱ्या शुभ्र कापडावर ते थरथरत होते, चमचा बशीवर किणकिण वाजत होता.

"ऐक, पोरी," ती म्हणाली. मी तेव्हा बहात्तर वर्षांची होते. "मी नुसती हटून बसले तर तुम्ही दोघं माझ्यामागे लागाल आणि मी तुमच्यामागे. मरेपर्यंत तेच. तेव्हा आज काय ते होऊन जाऊ दे. मी दोन कप चहा ओतणार. एक थेंबही बशीत सांडला नाही, तर मी माझ्या घरात राहणार आणि तू एड्रियनला तसं सांगायचं. सांडला, तर सोमवारी मी रेडिंगला जायला तयार."

"असं कुठं असतं का! चहावर कुणी घर ठरवतं?"

"मी ठरवतेय. दूध घाल."

मी दोन्ही कपांत दूध घातलं. ती किटली लहान नव्हती, भरल्यावर माझंही मनगट दुखवेल अशी वजनदार. थेल्मानं उजव्या हातानं मूठ धरली, डावा हात रुमालाची घडी करून तोटीखाली लावला आणि थांबली. हात थरथरतच होते. ती वाट बघत राहिली. नदीकाठी लोक पाणी ओसरायची वाट बघतात ना, तशी. आणि मग एकदम, थरथर थोडी उतरताच, तिनं किटली उचलली आणि चहा ओतला. माझा कप काठाखाली बोटभर सोडून भरला. बशी कोरडी. तोटीतून शेवटचा थेंब पडेपर्यंत मी श्वास घेतला नव्हता.

"दिसली बशी?" ती म्हणाली.

"दिसली."

"श्वास घे. लाल झालीयस."

मग तिनं स्वतःचा कप जवळ ओढला. पुन्हा थांबली. पुन्हा उचलली. अर्धा कप छान भरला. मला वाटलं, झालं, जमलं! तेवढ्यात मनगटाला एक हिसका बसला, कुणी कोपराला धक्का द्यावा तसा. चहा कपावरून गेला, बशी काठोकाठ भरली, टेबलाच्या कापडावर तळहाताएवढा तपकिरी डाग पसरला. किटली तिनं टाकली नाही. जिथून उचलली होती तिथंच नेऊन ठेवली.

पियानो वाजत होता, पण आजूबाजूच्या टेबलांवरचं बोलणं थांबलं. शेजारी टाय लावलेले एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांची मोत्यांची माळ घातलेली बायको बसली होती. दोघंही बघत होती. मिसेस डिन्सडेल तिकडून रुमाल घेऊन निघाल्या. मीही माझा रुमाल उचलला.

"हात मागे घे," थेल्मा म्हणाली.

तिनं कप उचलून बाजूला ठेवला. मग दोन्ही हातांनी बशी उचलली. दोन हातांत धरली की ती स्थिर राहते, हे तिला माहीत होतं. तोंडाजवळ नेली, तीनदा फुंकर मारली, आणि त्या झुंबराखाली, चांदीच्या भांड्यांमध्ये, निळी हॅट घालून, बशीतला चहा भुरका मारून प्यायली. आमची आजी चुलीजवळ बसून प्यायची, अगदी तसाच. भुरक्याचा आवाज पियानोच्याही वर गेला.

घाई नाही, लाज नाही. अर्धा संपल्यावर तिनं शेजारच्या टेबलाकडे बघितलं.

"असा लवकर निवतो," ती त्या गृहस्थांना म्हणाली.

"माझी आईही असाच प्यायची," ते म्हणाले, आणि त्यांची नजर आपल्या बशीकडे गेली.

"जेफ्री," त्यांची बायको म्हणाली, "विचारसुद्धा करू नकोस."

मिसेस डिन्सडेल मधल्या वाटेतच थबकल्या होत्या. थेल्मानं रिकामी बशी खाली ठेवली, त्यावर कप ठेवला आणि त्यांना म्हणाली, "तुमच्या कापडावर डाग पडलाय. आत्ताच गार पाण्यात टाकलं तर जाईल. पण आम्ही उठल्यावर टाका, आमचे स्कोन राहिलेत."

आणि स्कोन फोडायला घेतला. मला हसू येत होतं. इतकी वर्षं मी तिच्याबरोबर काढली होती, आणि माझी बहीण काय चीज आहे हे त्या क्षणी मला नव्यानं दिसलं. तिचे हात देखणे होते म्हणून मी तिचं कौतुक करत आले होते. हात गेले, आणि कौतुक होतं तिथंच राहिलं. उलट वाढलं.

ती मात्र तोवर पुढं गेली होती.

"हरले," ती म्हणाली. साय लावताना सुरी थरथरत होती आणि साय भलतीकडेच पडत होती. "एड्रियनला सांग. गुलाबांना पाणी घालीन म्हणावं."

"नाही सांगणार."

"नोरीन, शब्द दिलाय मी."

"तू दिलास. मी कुठं हो म्हटलं होतं? मी फक्त दूध घातलं."

थेल्मानं सुरी खाली ठेवली. ती चिडली की तिचे गाल लाल होतात, लहानपणापासून मला त्याची धास्ती आहे. "मला दया नको. कळलं? तू मला सोडून देतेयस. खेळात लहान पोराला सोडतात तसं."

"दया कसली? ऐकून तरी घे!" माझा आवाज चढला, जेफ्री पुन्हा आमच्याकडे बघायला लागले. "तुझा हात थरथरतो हे मला आज कळलं का? चहा सांडणार हे मला घरून निघतानाच माहीत होतं. सांडल्यावर तू काय करशील, ते माहीत नव्हतं. भीती मला त्याची होती. वाटलं होतं, सांडला की तू खचशील. रडशील. 'मला घरी ने' म्हणशील. एकटीच्या घरात असं झालं तर तुझं काय होईल, म्हणून मी घाबरत होते. आता नाही घाबरत."

ती खाली बघून टेबलावरचा एक चुरा बोटानं गोळा करत राहिली.

"जिन्यावर सांडले तर?" शेवटी ती हळूच म्हणाली. "मी, म्हणजे."

तिलाही भीती वाटत होती. तिनं ती कधी कुणाला दाखवली नव्हती, एड्रियनला नाही, मलाही नाही.

"जिन्याला एकाच बाजूला कठडा आहे," मी म्हटलं. "दुसऱ्या बाजूलाही बसवू. आणि ते बटण गळ्यात घालायचं."

"ती घंटा?"

"तीच घंटा. आंघोळीलासुद्धा काढायची नाही."

"दुपारी शेजारीण आली की काढीन. ती सगळ्या गल्लीला सांगेल."

"ब्लाउजच्या आत घाल."

तिनं विचार केला. "आणि तू रोज सकाळी फोन करायचा. पण आठच्या आधी नाही. आठच्या आधी मला माणूस आवडत नाही."

"बरं."

"मग लाव त्याला फोन. इथंच, माझ्यासमोर. नाहीतर गाडीत तुझं मन बदलेल."

मी एड्रियनला फोन लावला. त्यानं लगेच उचलला. हातात घेऊनच बसला असणार.

"काय म्हणाली? तयार आहे?"

"नाही. ती घरीच राहणार आहे, एड्रियन. आणि मला ते पटलंय."

"मावशी! पण तिचा हात थरथरतो की नाही?"

"थरथरतो."

"मग?"

"मग चहा सांडतो. तिला तो निस्तरता येतो. मी आत्ताच बघितलं." मग मी त्याला कठड्याचं सांगितलं, बटणाचं सांगितलं, सकाळच्या फोनचं सांगितलं.

"ती बटण घालेल? खरंच?" त्यानं विचारलं.

"ती शब्द देतेय. तुझ्या आईचा शब्द कसा असतो, तुला माहीत आहे."

"ठीक आहे," तो म्हणाला. "ठीक आहे. कठड्याला माणूस बोलावू नका. पुढच्या रविवारी मी येतो. मी बसवीन."

मी ते थेल्माला सांगितलं. तिनं डोळे मिटून घेतले, क्षणभरच. मग म्हणाली, "त्याला म्हणावं, आधी भिंतीला लाकडी पट्टी ठोकून घे. भिंत भुसभुशीत आहे. आणि सरळ बसलंय का ते बघायची बुडबुड्याची नळी स्टॅन्लीच्या हत्यारांच्या पेटीत आहे, ती वापर. डोळ्यांवर भरवसा ठेवू नकोस, बापावर गेलायस."

फोनमधून मला एड्रियनचं हसणं ऐकू आलं.

तो रविवारी आला, दिवसभर खपला, आणि नळी वापरूनही कठडा वाकडाच बसवून गेला. वरच्या टोकाला दोन बोटं खाली उतरलेला. थेल्मा त्यानंतर त्या घरात बरीच वर्षं राहिली, शेवटपर्यंत. वर जाताना एका हातानं तो कठडा घट्ट धरायची आणि जिना संपेपर्यंत त्याला नावं ठेवायची.